चप्पल निसटली तेव्हा कळलं का?

माझ्या साबुदाण्याच्या खिचडीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आहे माझ्याकडे. खोटं नाही सांगत. पिवळ्या रेघी कागदावर, निळ्या शाईत, खाली सही आणि तारीख.

‘नमुना: एक कागदी प्लेट, तोंडी माहितीनुसार साबुदाणा खिचडी. बाह्य निरीक्षण: पांढरट, चिकट, एकजीव गोळा. दाणे वेगळे करण्याचा प्रयत्न केला, यश आले नाही. आत बटाट्याचे तुरळक अवशेष. निदान: साबुदाणा, मृतावस्थेत. कारण: माहीत नाही.’

हा रिपोर्ट देणारे काका माझे घरमालक. शॉमबर्गमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली मी भाड्याने घेतली होती आणि राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी, एकादशी होती म्हणून, मोठ्या हौसेने त्यांना खिचडी नेऊन दिली होती. तासाभराने दारावर टकटक झाली. कागद हातात ठेवून म्हणाले, "घे पोरी. घाबरू नको, साथीचा रोग नाही." आणि गेले खाली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! मी तिथल्या तिथे मैत्रिणीला फोन केला, म्हटलं, यार, मी दुसरी जागा बघते, हा म्हातारा विक्षिप्त आहे. दुसरी जागा काही बघितली नाही. पुढची चार वर्षं त्याच घरात राहिले.

काका मूळचे नागपूरचे. इथे येऊन चाळीसच्या वर वर्षं झालेली, पण बोलण्यातलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. ‘काय करून राहिली?’, ‘काऊन?’, ‘बाप्पा!’ सगळं शाबूत. पेशाने पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे ऑपरेशनमध्ये पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा ज्याच्याकडे जातो आणि भिंगाखाली बघून जो सांगतो की हे साधं आहे की वाईट, तो डॉक्टर. "माझे पेशंट बोलत नाहीत," ते म्हणायचे, "म्हणून खोटंही बोलत नाहीत." रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. काकू त्याआधीच गेल्या होत्या. बेसमेंटमध्ये एक जुना मायक्रोस्कोप, काचपट्ट्यांचे लाकडी खण आणि टेबलावर एका ग्लासात दोनच रंगीत पेन्सिली, एक गुलाबी आणि एक जांभळी. भिंगाखाली त्यांना आयुष्यभर हे दोनच रंग दिसले, कारण तुकडे रंगवायची पद्धतच तशी असते. बघितलेलं चित्र हाताने काढल्याशिवाय ते खरं बघितलं असं होत नाही, असा त्यांचा हट्ट. जगाला बाकीचे रंग आहेत ते शोभेसाठी, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

कांदा चिरायला बसले की बघत राहावं. एकेक काप उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे. आरपार दिसलं तर ठीक, नाहीतर बाजूला. दोघांच्या पोह्यांचा कांदा चिरायला पाऊण तास लागायचा आणि मी ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद करून भुकेने तळमळत असायची. पण पोहे असे करायचे, वर हरभऱ्याची तर्री अशी घालायचे, की सगळे गुन्हे माफ.

रिपोर्ट फक्त मलाच मिळायचे असं नाही. मराठी मंडळाच्या दिवाळीत एका काकूंच्या अळूवडीवर त्यांनी ‘कापताना नमुना उलगडला’ असं लिहून दिलं, तर त्या काकू दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनी ईर्ष्येने वड्या केल्या, ताटली काकांच्या समोर आपटली आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. काकांनी सहा खाल्ल्या, खिशातून कागद काढला आणि लिहिलं, ‘निदान: उत्कृष्ट. कारण: माहीत नाही.’ त्या काकूंनी तो कागद फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवलाय म्हणतात.

मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी कारण माहीत नाही, हे काय? खऱ्या रिपोर्टमध्ये पण असंच लिहायचात का?"

"खऱ्या रिपोर्टात कारणाचा रकानाच नसते," ते म्हणाले. "तो मी नंतर घातला."

"का?"

"काऊन म्हणजे? माहीत नसलं तर माहीत नाही लिहावं. लोक लिहीत नाहीत."

कारण सांगणाऱ्या माणसाचा त्यांना भयंकर राग. ट्रॅफिकमुळे उशीर झाला म्हटलं, की बोट वर करायचे, "कोणी पाहिलं? घरातूनच उशिरा निघाली असशील." एसीमुळे सर्दी झाली म्हटलं, की परत बोट वर. "कोणी पाहिलं?" आणि सगळ्यात चिडायचे ते कुणी गेल्याची बातमी आली की. "आपल्या लोकांचं बघ. माणूस गेला, की पहिला प्रश्न, कशाने? अरे, त्याची बायको बसून राहिली तिथे, तिने जेवण केलं का, हे कोणी विचारत नाही. कशाने! जसं काही ते कारण कळलं की आपण टाळणार आहोत."

मला हे लागायचं, कारण माझी आई त्यातलीच. सातारला आमच्या आळीत कुणी गेल्याचं कानावर आलं, की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "कशानं गं?" मग ते शुगरने, की पडल्याने, की मुलाने घराबाहेर काढलं त्या धसक्याने, याचा पत्ता लागेपर्यंत बाईला चैन पडायची नाही. शाळेत विज्ञान शिकवायची ती. कारण-परिणाम तिच्या रक्तातच होतं.

काकांना उजव्या कानाने अजिबात ऐकू यायचं नाही. कुठल्याही रांगेत ते उजव्या टोकाला बसायचे, म्हणजे सगळी माणसं डाव्या हाताला. गाडी मलाच ड्राइव्ह करायला लावायचे, का, तर इथे ड्रायव्हर डावीकडे, शेजारी बसलं की डावा कान आपोआप माझ्याकडे. चुकून कुणी उजव्या बाजूने बोललं तर ढिम्म. नवी माणसं त्यांना शिष्ट समजायची. मंडळातले जुने लोक सांगायचे, काकांचा कान लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्बने गेला, पूर्वी ते स्वतःच ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. मी आल्यापासून तरी मी ती त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. एकदा कुणीतरी म्हणालं, "काका, तो बॉम्ब सांगा ना!" तर काका उठून ताक घ्यायला गेले.

त्यांना एक मुलगी. चाळिशीची, मॅडिसनला लायब्ररीत काम करते. तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, काठी घेऊन चालते आणि हसायला लागली की काठी बाजूला टाकून टेबलाला धरून हसते. रविवारी सकाळी काका तिच्याशी व्हिडिओवर बोलायचे. एरवी घर डोक्यावर घेणारा हा माणूस तेव्हा एकदम गप्प, आणि हात नुसते चाललेले. खुणांनी भांडायचे, खुणांनी विनोद सांगायचे. खुणा ते पन्नाशीनंतर शिकले, तर त्यांच्या खुणांना नागपूरचा अ‍ॅक्सेंट आहे असं लेक म्हणायची. मला चार-पाच खुणा काकांनी शिकवल्या, ‘थँक यू’, ‘सॉरी’, ‘जेवलीस का’ वगैरे.

पहिल्या वर्षी मी आगाऊपणा करून विचारलं होतं, "काका, तिला का ऐकू येत नाही?"

मला वाटलं, आता येणार ‘माहीत नाही’. काका कांदा चिरत होते. सुरी थांबली. "ते माहीत आहे," म्हणाले, आणि उरलेला कांदा भराभर, जाड जाड चिरून टाकला. मी पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मुंग्या आल्यासारखी व्हायला लागली. अनामिका आणि करंगळी. मी म्हटलं, लॅपटॉप. दिवसाचे दहा तास टाइप करतेय, होणारच. ऑफिसमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, प्रत्येकाकडे आपापली एक गोष्ट होती. मी नवी खुर्ची घेतली, वेगळा कीबोर्ड घेतला, मानेखालची उशी बदलली. यूट्यूबवर बघून मानेचे व्यायाम केले. हातातून एक-दोन कप पडले, तर म्हटलं, धांदरट आहेच मी. सहा महिने गेले असे. मला माझं कारण सापडलं होतं ना!

काकांच्या स्वयंपाकघरात एकदा मी वरणाची स्टीलची वाटी उचलली आणि त्यांच्याशी बोलत उभी राहिले. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि ती वाटी घेतली, तर त्यांचंच बोट भाजलं. "बाप्पा! ही गरम आहे, तुला लागत नाही?" मी म्हटलं, "लॅपटॉपमुळे बोटं जरा बधिर झालीत." मी वाट बघितली, बोट वर येईल, ‘कोणी पाहिलं?’ ऐकू येईल. काकांनी भाजलेलं बोट नळाखाली धरलं. ते गप्प बसले याचंच मला नवल वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी मी खाली उतरून चहा ठेवला आणि परत आले, तर काका जिन्याच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसलेले. हातात माझी चप्पल. घरात घालायची, सातारहून आणलेली, निळ्या पट्ट्यांची.

"ही कोणाची?"

"माझीच."

"डाव्या पायाची. सोमवारी वरून चौथ्या पायरीवर होती. बुधवारी इथे, वळणावर. आज परत चौथ्या पायरीवर." मग माझ्याकडे बघून इतक्या हळू आवाजात बोलले, की मला तो आवाज अनोळखी वाटला. "ही पायातून निसटली, तेव्हा तुला कळलं का?"

मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता. मला कळलं नव्हतं हो. पायरीचं लाकूड त्या पायाला गार लागायला हवं होतं, तेही लागलं नव्हतं.

"नागपूरला शिकत होतो तेव्हा आमचे सर पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारत," काका म्हणाले. "चप्पल निसटते का, आणि निसटली तर कळते का. इथल्या डॉक्टरांना हे विचारायचं सुचत नाही, इथे सगळे दिवसभर बूट बांधून फिरतात. बूट निसटत नाही. सोमवारी डॉक्टरकडे जायचं. खुर्ची आणि लॅपटॉपचं नाव तिथे काढायचं नाही. काय होऊन राहिलं तेवढं सांगायचं, का होऊन राहिलं ते नाही."

मी गेले. स्कॅन झाला. मानेच्या खालच्या बाजूला, कण्याच्या आत, एका नसेच्या आवरणावर गाठ वाढली होती आणि ती मज्जारज्जूला एका बाजूने दाबत होती. बोटं त्यानेच गेली होती, आणि आता पायही जायला लागला होता. सर्जन बाई फार शांत होत्या. म्हणाल्या, अशा गाठी क्वचित होतात, बहुतेक वेळा साध्या असतात, पसरत नाहीत. पण बाहेर काढून तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. काढावी तर लागणारच, नाहीतर चालणं जाईल. आणि काढतानाही नसेला धक्का लागू शकतो. मी एकोणतीस वर्षांची होते. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी ओक्साबोक्शी रडले. शेजारी काका डावा कान माझ्याकडे करून गप्प बसून होते. होईल सगळं ठीक, असं एकदाही म्हणाले नाहीत. मला त्यांचा तेव्हा राग आला होता.

आई आली. माझ्या ग्रॅज्युएशनला आली होती तेव्हाचा व्हिसा होता. बाबांना प्रवास झेपत नाही म्हणून एकटीच आली, आयुष्यात पहिल्यांदा एकटी. काकांनी तिला खालची खोली दिली आणि स्वतः बेसमेंटमध्ये खणांच्या शेजारी झोपायला गेले. आईने आल्याआल्या घर ताब्यात घेतलं. पण मी बघत होते, ती माझ्याकडे सरळ बघत नव्हती. वेणी घालून द्यायची आणि मध्येच मानेवर हात ठेवून थांबायची.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची दुपार. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. काका सांबारवडीसाठी कोथिंबीर निवडत होते, नागपूरकडे तिला सांबार म्हणतात. मी उजव्या हाताने मटार सोलत होते आणि आई टेबलाशी बसून भांडी पुसत होती. एकाएकी ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे कशानं होतं?"

"माहीत नाही."

"तुम्ही एवढी वर्षं हेच बघितलं. काहीतरी असेलच की. खाण्यापिण्यातनं, पडल्या-आपटल्यातनं, जन्मायच्या आधी काही…"

"ताई, माहीत नाही."

आईने फडकं खाली ठेवलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "ही पोटात होती तेव्हा ग्रहण लागलं होतं. सासूबाई म्हणाल्या, एका जागी बस, काही चिरू नकोस, शिवू नकोस. मी शाळेत पोरांना चेंडू आणि टॉर्च घेऊन ग्रहण शिकवायची. मला राग आला. मी मुद्दाम विळी काढली आणि त्यांच्या समोर बसून किलोभर गवार चिरली. त्यांना दाखवायला म्हणून. त्या नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, तुझं तू बघ बाई." मग ती माझ्याकडे वळली. "मी असला हट्ट करायला नको होता गं."

मी थक्क होऊन बसले. ही माझी आई! गणपतीच्या दूध पिण्यावर अख्ख्या आळीशी भांडलेली. एकोणतीस वर्षं हे पोटात घेऊन बसली होती का? नाही, तसं नाही. एकोणतीस वर्षं तिला गवार आठवलीही नसेल. स्कॅनच्या दिवशी आठवली, आणि त्या दिवसापासून ती झोपली नव्हती.

आता काका तिची सालटी काढणार, असं मला वाटलं. ग्रहण म्हणजे त्यांच्या हातात आयतं कोलीत. मी मध्ये पडायच्या तयारीत होते. पण काका खुर्चीवरून उठले, टेबलाला वळसा घालून आईच्या उजव्या हाताला जाऊन बसले, म्हणजे त्यांचा डावा कान तिच्याकडे झाला. "परत सांगा," म्हणाले. आईने परत सांगितलं, गवारीसकट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मला या कानाने ऐकू येत नाही. नऊ वर्षांचा होतो तेव्हा दिवाळीत शेजारच्या पोराने माझ्याजवळ सुतळी बॉम्ब फोडला. त्याने कान गेला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. बायकोला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मंडळात तर पोरांना गोळा करून सांगत होतो. बॉम्ब फुटला हे खरं आहे. पण ताई, कान गेला तिशीनंतर. नऊ आणि तीस, मधली वीस वर्षं मला व्यवस्थित ऐकू येत होतं. ती वीस वर्षं मी गिळून टाकली. दिवसभर दुसऱ्यांच्या निदानात चुका काढणारा माणूस मी, आणि स्वतःच्या कानाला एक फटाका पुरला मला."

आई ऐकत होती. मीही मटार सोडून दिले होते.

"माझी लेक कॉलेजात गेली. कानात आवाज येतो म्हणाली. मी म्हटलं, हेडफोन लावून गाणी ऐकते म्हणून. चालताना झोक जातो म्हणाली. म्हटलं, जागरण करते म्हणून. वर्ष घालवलं मी तिचं. नंतर स्कॅन केला, तर दोन्ही कानांच्या नसांवर गाठी, आणि कण्यातही. साध्या, हिच्यासारख्याच. पण एक नाही, कितीतरी. तिथल्या डॉक्टरने विचारलं, घरात कोणाला कमी ऐकू येतं का. मी त्यालाही बॉम्ब सांगितला!" काका हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "तो म्हणाला, तरी तुमचाही स्कॅन करू. माझ्या कानातही तीच गाठ निघाली. वर्षानुवर्षं होती. या गाठी करणारा आनुवंशिक दोष माझ्यात थोडा होता, अर्धवट. तिला पुरता गेला. माझ्याकडून. मी तो कान वेळेवर दाखवला असता, तर पोरीला लहानपणापासून तपासत राहिले असते. एखादा कान कदाचित वाचला असता. कदाचितच. तेही माहीत नाही."

काकांनी कोथिंबिरीची जुडी पुढे ओढली, परत सरकवली.

"तर कारण माहीत असलेला माणूस मी आहे, ताई. नीट बघून घ्या माझ्याकडे. तुमच्या पोरीचं डोकं तपासलं, पूर्ण पाठ तपासली, रक्त तपासलं. माझ्या लेकीसारखं तिच्यात काही नाही. एकच गाठ आहे आणि ती का झाली ते माहीत नाही. मला नाही, सर्जनला नाही. आणि तुम्हालाही माहीत नाही. माहीत असल्यासारखं करू नका. एकदा कारण सापडलं असं वाटलं ना, की माणूस समोरचं बघायचं सोडून देते. तुम्ही आल्यापासून पोरीच्या तोंडाकडे बघितलं नाही."

आईने पदर डोळ्यांना लावला आणि मनसोक्त रडली. मग नाक पुसून माझ्याकडे बघितलं, चांगलं मिनिटभर. "किती वाळलीस गं," म्हणाली, आणि आमच्या दोघींचं परत सुरू झालं. काकांनी त्या गोंधळात सगळी कोथिंबीर चिरून टाकली. वड्या फार सुंदर झाल्या होत्या.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. पाय हळूहळू परत आला, बोटं काही पूर्ण आली नाहीत, ती दोन अजूनही अर्धी झोपेतच असतात. रिपोर्ट साधाच आला, पण काकांना कागदावर भरवसा कुठला! जुन्या ओळखी काढून, चार फोन करून, माझी काचपट्टी बघायला ते स्वतः गेले. मला घेऊन गेले नाहीत. संध्याकाळी परत आले ते थेट बेसमेंटमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या हातात एक कागद दिला. गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने काढलेलं चित्र, लांब लांब पेशींच्या लाटा, एकीला चिकटून दुसरी. खाली मराठीत लिहिलेलं, ‘नमुना: मानेतील नसेची गाठ, एक. निदान: साधी. पोरगी चालेल. कारण: माहीत नाही.’ सही.

आई सातारला परत गेली तेव्हा तो कागद तिने माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या फाइलीत ठेवला. माझ्या लग्नात तिने तो मामीला काढून दाखवला, चित्र सुंदर आहे म्हणून. मामीने विचारलं, एवढी गाठ झाली तरी कशानं? आई म्हणाली, "माहीत नाही," आणि फाइल मिटली. मला हे मामीनेच सांगितलं, जरा रागावून.

लग्नानंतर मी दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला आले. काकांचे रिपोर्ट पोस्टाने येत राहिले. माझ्या नवऱ्याचाही एक आला, ‘नमुना: जावई. बाह्य निरीक्षण: उंच, मितभाषी, कांदा जाड चिरतो. निदान: चालेल.’ खाली नेहमीचंच.

काका गेले ते या एप्रिलमध्ये. लेकीचा मेसेज आला आणि मी मिळेल त्या विमानाने शॉमबर्गला पोचले. घरात ती एकटीच होती. स्वयंपाकघरात, काकांच्या खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी धरून. आम्ही बराच वेळ एकमेकींना धरून बसलो. बोलायला माझ्याकडे काकांनी शिकवलेल्या त्या चार-पाच खुणाच होत्या. टेबलावर काकांचा चष्मा होता आणि पिवळ्या कागदांचं पॅड. वरच्या कागदावर फक्त ‘नमुना:’ एवढंच लिहिलेलं.

मग मी आईला फोन लावला. इथली सकाळ, तिच्याकडे दिवेलागण. टीव्हीचा आवाज येत होता. म्हटलं, "आई, काका गेले."

टीव्ही बंद झाला. मी तिच्या पुढच्या प्रश्नासाठी थांबले. उत्तर तयारच होतं माझ्याजवळ. काय झालं, किती वाजता, हॉस्पिटलवाले काय म्हणाले, सगळं विमानात मनाशी जुळवून ठेवलं होतं. आई बोलेना. मला वाटलं फोन कट झाला. "आई?"

"आहे," ती म्हणाली. "त्यांच्या लेकीनं काही खाल्लंय का गं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग आधी ते बघ," आई म्हणाली. "आणि मग मला फोन कर."

मी फोन ठेवला. लेकीच्या समोर जाऊन पाचही बोटं जुळवून ओठांशी नेली, काकांनी शिकवली होती तशी. जेवलीस का? तिने मान हलवली. नाही. मग माझ्या डाव्या हाताची ती दोन बोटं धरून मला विचारलं, तू? मीही नव्हते जेवले. मी पोहे भिजवले, आणि कांदा चिरायला घेतला, पातळ, जमेल तितका.